दोन फायली

गेल्या डिसेंबरात कायम वास्तव्याच्या, म्हणजे आयएलआरच्या, अर्जासाठी कागदपत्रे जुळवायला बसलो, तेव्हा टेबलावर दोन फायली होत्या. एक माझी. दुसरी वडिलांनी २००७ साली माझ्यासाठी तयार केलेली. या अर्जाला ती लागणार नव्हती. पत्नीच्या अर्जासाठी विवाह नोंदणीचा दाखला शोधताना ती हाती आली आणि मग लवकर मिटवली गेली नाही.

अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी मला जात वैधता प्रमाणपत्र हवे होते. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी कुटुंबाचे वास्तव्य १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून राज्यात असल्याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा भूमिहीन शेतमजूर. त्यांच्या नावे सातबारा नव्हता आणि शाळेची पायरी न चढल्याने दाखल-खारीज रजिस्टरातही नाव नव्हते. वडील एस.टी.त वाहक होते. रजा टाकून ते तहसील कचेरीत खेपा घालत राहिले आणि अखेर कोतवाल बुकाची नक्कल घेऊन आले. आजोबांच्या जन्माची नोंद त्यात एका ओळीत होती : बापाचे नाव, 'मुलगा', आणि जात महार. आडनाव नव्हते. ज्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेऊन ती जात टाकून दिली, त्यांच्या नातवाला शिकण्यासाठी तीच जात सिद्ध करावी लागत होती. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला; कागद मात्र धर्मांतरापूर्वीचाच मागितला जातो.

माझ्या फायलीत पूर्वजांना जागा नाही. इथे प्रश्न वेगळे आहेत. स्किल्ड वर्कर व्हिसावर पाच वर्षे सलग झाली का? विद्यार्थी म्हणून काढलेले वर्ष त्यात धरले जात नाही. माझे मोजमाप जानेवारी २०२१ पासून सुरू झाले. पगार नियमाप्रमाणे आहे का? त्यासाठी पे-स्लिपा, बँकेची विवरणपत्रे आणि 'या कर्मचाऱ्याची आम्हाला पुढेही गरज आहे' असे कंपनीचे पत्र. लाइफ इन द यूके परीक्षा झाली का? चोवीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटे, किमान अठरा उत्तरे बरोबर. इंग्रजीचा पुरावा म्हणून इथल्या विद्यापीठाची पदवी चालते. अर्ज पाच वर्षे पूर्ण होण्याच्या फार तर अठ्ठावीस दिवस आधी करता येतो. मी भरला तेव्हा शुल्क माणशी ३,०२९ पौंड होते.

हे सारे एका संध्याकाळी जमले. अडलो तो देशाबाहेर काढलेल्या दिवसांच्या तक्त्यापाशी. कोणत्याही बारा महिन्यांत १८० पेक्षा अधिक दिवस बाहेर राहता येत नाही. जाण्याचा आणि परतण्याचा दिवस वगळून मधले पूर्ण दिवस मोजायचे. मी संगणकाचा माणूस. सूत्र लिहिले आणि बेरीज समोर आली. २०२३ च्या ओळींवर नजर थांबली.

त्या वर्षी वडिलांना यकृताचा कर्करोग असल्याचे कळले. कंपनीने तिकडून काम करण्याची मुभा दिली. फेब्रुवारी ते एप्रिल एकोणऐंशी दिवस, जुलै ते सप्टेंबर चौऱ्याऐंशी दिवस. एकूण एकशे त्रेसष्ट. उरले सतरा. वडील दवाखान्यातून घरी आले होते, जेवत होते, आणि मी मनात हिशेब मांडत होतो की हे सतरा दिवस 'पुढच्यासाठी' राखून ठेवावेत. पुढचे म्हणजे काय, हे मला ठाऊक होते. मी ते शब्दांत आणले नाही. मी निघालो. निघताना ते म्हणाले, "कागद सांभाळून ठेव रे. आपल्या माणसाला तोंडी कोणी मानत नाही." दहाव्या दिवशी ते गेले. मी पोहोचलो तेव्हा अंत्यविधी झाला होता. जलदान विधी करून परतलो तेव्हा आकडा एकशे बाहत्तर झाला होता. नियमात बसत होता.

आता नियमावली नीट वाचताना कळले की जवळच्या नातलगाच्या जिवावर बेतलेल्या आजारपणात किंवा मृत्यूप्रसंगी बाहेर राहावे लागले, तर पुरावा देऊन ते दिवस या मर्यादेतून वगळण्याची मागणी करता येते. दवाखान्याचे कागद माझ्या हातात होते. मी तेव्हा नियमाचा आकडा वाचला. त्याखालचा अपवाद वाचला नाही. सवलत मिळालीच असती असे नाही. पण मागता आली असती, आणि मी वडिलांजवळ थांबू शकलो असतो. ही खंत सांगण्याचे कारण एवढेच की हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी आज आजारी आईवडील असतील.

मुदतीचा काच आपल्यातल्या पहिल्या लंडनवासीयालाही चुकला नव्हता. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना इथला अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत तो पुन्हा सुरू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची ग्रंथसंपदा पाणतीराच्या हल्ल्यात बुडाली. परवानगी शाबूत राहिली. १९२० साली ते परतले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरासमोरून जाताना मला आता ग्रंथांबरोबर ती परवानगीही आठवते. नियम पूर्ण वाचणे हाही त्यांच्या शिकवणीचा भाग आहे.

दोन फायली शेजारी ठेवल्या की एक मोह होतो : तिथे जन्म विचारला, इथे काम विचारले, असे म्हणून मोकळे व्हावे. ते अर्धेच खरे आहे. इथली पाच वर्षे कंपनीच्या एका पत्रावर टांगलेली असतात. नोकरी गेली की पायाखालची जमीन सरकते. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत तर पाचाची दहा वर्षे करण्याचा मानस सरकारने जाहीर केला. आणि आपल्याच देशबांधवांच्या मेजवानीत आडनाव विचारले जाते ते वेगळेच. समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करणार नाही, असे ब्रिटिश सरकारने २०१८ मध्ये सांगितले; तो प्रश्न न्यायालयांच्या निवाड्यांवर सोडला. तरीही एक फरक खरा आहे. माझ्या फायलीतला प्रत्येक कागद माझ्या स्वतःच्या श्रमाचा आहे. तो मिळवता यावा म्हणून वडिलांना आधी दुसऱ्या कोणाच्या तरी हस्ताक्षरातली आमची जात शोधून आणावी लागली होती.

म्हणून ज्यांची पाच वर्षे सुरू आहेत त्यांना विनंती : प्रवासाचा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवा, तिकिटे व बोर्डिंग पास जपा, आजारपणाचे कागद वेळीच इंग्रजीत करून घ्या, आणि अपवाद वाचा. 'कायम' हा शब्दही फार मनावर घेऊ नका. सलग दोन वर्षांहून अधिक बाहेर राहिलो तर हा परवानाही संपतो. अनित्यता आपल्याला नवी नाही.

तक्त्यात प्रवासाचे कारण लिहिण्यासाठी एक रकाना असतो. त्या नऊ दिवसांपुढे मी लिहिले : वडिलांचे निधन. आधीच्या चौऱ्याऐंशी दिवसांपुढे 'कौटुंबिक भेट' असे लिहिले होते. ते खोडून 'वडिलांची सेवा' असे लिहिले, अर्ज पाठवला, आणि दोन्ही फायली एकाच कपाटात ठेवल्या.

जयभीम.