ठकीचं अंडं

वाईच्या आमच्या घरात अंडं पहिल्यांदा आलं ते ठकीमुळे, असं आई अजूनही सांगते.

ठकी गावठी. रंग चहासारखा, एक कान ताठ, दुसरा मोडका. ‘कुत्री अंगणातच राहील’ हा आईचा हुकूम जेमतेम तीन दिवस टिकला. मग ठकी पडवीत आली आणि झोपाळ्यामागच्या मातीच्या भिंतीला पाठ लावून झोपू लागली.

एका श्रावणात तिला ताप आला. दोन-चार दिवस मलूल होती, पुढे आपोआप बरी झाली. आई म्हणाली, “पावसाची कणकण.” मीही मान डोलावली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. माघातल्या एका सकाळी पडवीत रक्ताचे थेंब दिसले. कुणी दगड मारला की काय म्हणून मी तावातावानं बाहेर गेलो. परत येऊन पाहतो तर रक्त नाकातून ठिबकत होतं आणि पोटावर लाल-जांभळे ठिपके उठले होते.

डॉक्टरांनी ओठ उचलून पांढऱ्याफटक हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, “गोचीड?”

“दिसला की काढतो,” मी म्हणालो.

“अंगावरचे. भिंतीतल्यांचं काय?”

हा तपकिरी गोचीड रक्त पिऊन गळून पडतो, फटीत शिरून कात टाकतो आणि पुन्हा कुत्र्यावर चढतो. मादी भेगांत हजारोंनी अंडी घालते. म्हणजे आईचं म्हणणं तितकंसं खरं नाही. अंडी घरात आधीपासूनच होती.

रक्ताच्या तपासणीत एर्लिकिया निघाला. गोचिडाच्या चाव्यातून अंगात शिरणारा हा जिवाणू पांढऱ्या पेशींत घर करतो. पहिला ताप उतरतो, कुत्रं महिनोन्‌महिने धडधाकट दिसतं आणि हा आत तसाच. ठकीच्या प्लेटलेट्स 22,000 होत्या. दोन लाखांच्या आसपास तरी हव्या होत्या. सलाइन चालू असताना डॉक्टर सांगत होते, की हा रोग 1935 मध्ये अल्जीरियात प्रथम नोंदला गेला आणि व्हिएतनाम युद्धात अमेरिकन लष्कराची शेकडो कुत्री, बहुतेक जर्मन शेफर्ड, यानंच नाकातून रक्त येऊन गेली. आमची ठकी एकदम बड्या पंगतीत जाऊन बसली होती.

डॉक्सिसायक्लिन, 28 दिवस. पाचव्या दिवशी ती मांजरामागे धावली, तेव्हा मी फोन करून विचारलं, गोळ्या थांबवू का? “ताप गेला म्हणजे रोग गेला, असं श्रावणातही वाटलं होतं ना?” पलीकडून उत्तर आलं. मी गप्प.

गोळी उपाशीपोटी दिली की उलटी. आईनं पेढा काढला, तर दुधाचं काही नको, औषध नीट लागू पडत नाही. भाकरीचा गोळा केला, तर भाकरी संपायची आणि गोळी उंबऱ्यावर चाटून पुसून ठेवलेली! उरलं उकडलेलं अंडं.

“या घरात?” आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनंच परसात तीन दगडांची चूल मांडली. पातेलं वेगळं, डाव वेगळा, डावाच्या दांड्याला ओळखीचा लाल दोरा. बलकात गोळी, आणि ठकी खूश.

दरम्यान गवंड्यानं भेगा बुजवल्या, भिंतीला औषध मारलं. संध्याकाळी आई चिमटा आणि साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन बसे. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत. ठकी मोडका कान स्वतःहून पुढे करायची.

गोळ्या संपल्या. एकोणतिसाव्या सकाळी ठकी ठरल्या वेळी मागच्या पायरीवर हजर. “आजच्या दिवस,” म्हणत आईनं पातेलं चढवलं.

ठकी पुढे सहा वर्षं जगली. पातेलं रोज चढलं. मात्र अंडं ती कधीच गपकन खायची नाही. आधी फोडायची, बलक नाकानं उलटासुलटा करायची, आत काही नाही याची खात्री करून घ्यायची.