पाळण्याची दोरी

हल्ली सुशिक्षित घरांतली तरुण मुले परदेशी जाऊन तिथल्या गरीब मुलांच्या शाळेत महिना-दोन महिने मदतनीस म्हणून राहतात. कुणाची भाची केनियाला जाते, कुणाचा पुतण्या नेपाळला. गोष्ट कौतुकाचीच आहे. पण अशा शाळेसाठी विमानात बसलेच पाहिजे असे नाही. आम्हां सांगलीकरांच्या दारी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास एक परका मुलूख आपणहून येऊन उतरतो. बीडकडच्या कोरडवाहू गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि कृष्णा-वारणेच्या काठी, साखर कारखान्यांच्या तळांवर, त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. आपल्या घरी फराळाची ताटे फिरत असतात, तेव्हा ही मंडळी भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरेबाळे घेऊन वाटेला लागलेली असतात.

निवृत्त झाल्यावर मला दुपार खायला उठू लागली. म्हणून एका हंगामात मी तळावरच्या साखरशाळेत जाऊ लागले. पत्र्याची एक खोली, एक शिक्षिका आणि पहिलीपासून पाचवीपर्यंतची चाळीसएक मुले! पिशवीत रंगीत खडू, चित्रांचे तक्ते, गोष्टींची पुस्तके असा जामानिमा घेऊन मी पोचले. बाईंनी हसून माझे स्वागत केले आणि वर्षाचे एक रडके पोर माझ्या हातात दिले.

"एवढं धरा, म्हणजे हिला लिहिता येईल."

'ही' म्हणजे त्याची नऊ वर्षांची बहीण. तिने सुटकेचा श्वास टाकला, परकराला हात पुसले आणि पाटी ओढून घेतली.

त्या एका वाक्यात सगळे दुखणे होते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती ह्या जोडीच्या नावावर. तेव्हा बाई घरी राहिली की कोयता अर्धा झाला. दोघे पहाटे अंधारात फडात जातात. मागे कोपीत धाकटी भावंडे आणि त्यांना राखायला थोरली मुलगी. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा मिळालीच पाहिजे, असे तो सांगतो. पण तिच्या कडेवरचे पोर सहाच्या आतले. कायद्याच्या त्या मोजणीत ते नाही, आणि तेच बहिणीचा हक्क अडवून बसलेले!

तेव्हा माझे काम ठरून गेले. दोन साड्यांच्या झोळ्या बांधायच्या, तिसरे पोर मांडीवर घ्यायचे आणि पाठीमागे चाललेले पाढे ऐकायचे. कधी बाई तक्ता दाखवायला सांगत. 'आ'पुढे आईचे चित्र होते. लमाण तांड्यावरच्या एका चिमुरड्याने ते पाहून ठणकावून वाचले, "याडी!" त्याच्या घरच्या बोलीत आईला याडीच म्हणतात. बाईंनी शाबासकी दिली आणि मग हळूच 'आई' शिकवले. मला त्या बाईंचा फार आदर वाटला.

मुलांना आकडे येत नव्हते असे नाही. मोळ्यांचा हिशेब ती तोंडी करीत. तो कागदावर वाचता येत नसे, इतकेच. फेब्रुवारीच्या सुमारास माझी ती नऊ वर्षांची मैत्रीण बापाच्या हातातली वजनाची पावती घेऊन वाचू लागली. बाप दोनदा ऐकून घेई, मग पावती जपून डोईच्या टोपीत ठेवी. उचल फिटली की नाही, हे आजवर त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळत असे.

माझे माहेर साताऱ्याचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग सुरू केले, ही हकीकत तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. मला मात्र त्या दिवसांत लक्ष्मीबाईच जास्त आठवत. मुलांच्या पोटासाठी त्या माउलीने अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा, काढून दिले. शिकवणाऱ्याचे नाव फळ्यावर राहते. पण मूल फळ्यापर्यंत पोचावे म्हणून कुणीतरी चूल सांभाळावी लागते, कुणीतरी झोळी हलवावी लागते.

उन्हे तापली, पट्टा पडला आणि कोप्या मोडल्या. गावच्या शाळेत दाखवायला मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळते. तिनेही आपले घडी करून पोलक्यात ठेवले होते. तिची आई मला म्हणाली, "पुढल्या साली तुमी असाल न्हवं? न्हाईतर हिला पोराला धरावं लागंल." शाळा असेल का, हे त्या माउलीने विचारलेच नाही. पोराला कोण धरणार, एवढेच विचारले.

वाचकहो, आपल्या गावाजवळही असा एखादा तळ, वीटभट्टी किंवा बांधकाम असेल. शिकवण्याची हातोटी नसेना का; दुपारचे दोन तास तर आहेत! जाताना पाट्यापुस्तके मागाहून न्या. आधी एक बळकट झोळी आणि चांगली दोरी तेवढी न्या.