प्रहाराचे पर्याय

इंग्रजीतील ‘स्ट्राइक’ या क्रियापदाला ‘हिट’, ‘बीट’, ‘स्माइट’ असे पर्याय दिले जातात आणि ते एकार्थी आहेत असे गृहीत धरून वाचक पुढे जातो. व्युत्पत्ती ही समानार्थता मान्य करीत नाही. ‘हिट’ हा शब्द स्कँडिनेव्हियातून आला. त्याचा मूळ अर्थ गाठ पडणे, सापडणे. स्वीडिशमधील ‘हित्ता’ आजही सापडणेच आहे. ‘स्माइट’ प्राचीन इंग्रजीत माखणे, लिंपणे या अर्थाचा होता. १६११ च्या बायबलमध्ये तो ईश्वरी प्रहार झाला. ‘स्ट्राइक’चा सगोत्र तर ‘स्ट्रोक’, म्हणजे कुरवाळणे! पर्यायकोशाला या घराण्याची दखल नसते.

मराठी अनुवादकाची खरी अडचण वेगळीच आहे. इंग्रजीत वीज ‘स्ट्राइक’ करते, घड्याळही तेच करते. मराठीत वीज पडते, टोले पडतात. तेथे कर्ता प्रहार करतो, येथे घटना वरून खाली येते. कल्पना ‘स्ट्राइक’ होते, मराठीत ती सुचते. उलट ‘मारणे’चा पैसही काही कमी नाही, शिक्का, बुडी, गप्पा सारे मारलेच जाते, पण गप्पांत कोणावर आघात होत नाही.

सर्वांत बोलका भेद कामगारांच्या ‘स्ट्राइक’चा. १७६८ मध्ये लंडनच्या खलाशांनी मजुरीच्या वादात जहाजांची शिडे उतरविली. नौकानयनाच्या भाषेत शीड वा निशाण खाली घेणे म्हणजे ‘स्ट्राइक’. युद्धात निशाण उतरविणे ही शरणागती. बंदरात शीड उतरविणे हा नकार. क्रियापद एकच. पुढे शिडाची आठवण पुसली गेली आणि इंग्रजी कानाला त्या शब्दात केवळ ठोसा ऐकू येऊ लागला. हे मालकवर्गाच्या सोयीचेच झाले, असे म्हणावे लागते.

मराठीने येथे ‘संप’ हा शब्द वापरला. गुजरातीत संप म्हणजे एकोपा. त्यात प्रहार नाही, एकमेकांना धरून राहणे आहे. म्हणूनच संप ‘फुटतो’. तो चिघळतो तेव्हा मात्र मराठी त्याला जखम मानते, आणि हा विसंवाद कोणालाच खटकत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांनी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू केलेला संप चिघळला, फुटलाही. तो औपचारिकरीत्या मागे घेतला गेला नाही. त्यामुळे ‘मिटला’ हे नेहमीचे क्रियापद त्याला लावता येत नाही.