रोजा मोडायचा की सोडायचा?

अश्दोदमधल्या एका घरात नात इंग्रजीच्या परीक्षेसाठी सणावारांच्या शब्दजोड्या पाठ करत होती. 'ब्रेक द फास्ट' तिने आजीला मराठीत सांगितले : "आपण किपूरच्या संध्याकाळी रोजा मोडतो."

आजी चमकली. "मोडतो? मोडला तर दोष लागतो, बाळ. रोजा धरायचा आणि वेळ झाली की सोडायचा."

मग जोड्या निघत गेल्या. सण करायचा. तिशा बेआवला बिरड्याचा रोजा म्हणायचे. एलियाहू हन्नाबीला नवस बोलायचा आणि मलिदा करून तो फेडायचा. कारण नवस म्हणजे देणे.

थोरला नातू लष्करातून सुखरूप परतला, तेव्हापासून आजीचा एक नवस फेडायचा राहिला होता. पोहे भिजवायला, नारळ खवायला आता हात चालत नव्हते.

"आणि 'पास डाउन अ ट्रॅडिशन'?" नातीने विचारले.

"रीत चालवायची."

"नाही चालवली तर?"

"मोडते. तुझा तो शब्द तिथे बरोबर बसतो."

नातीने वही मिटली आणि विळीवर नारळ खवायला बसली.