पट्टीवरचे घड्याळ

आमच्या घरात लहानमोठी सात घड्याळे आहेत आणि त्यांपैकी सहा बरोबर वेळ दाखवतात. (सातवे दिवाणखान्यात आहे. ते लग्नात आहेर म्हणून आलेले असल्यामुळे त्याच्याकडून कुणी वेळेची अपेक्षा करीत नाही.) इतकी घड्याळे असूनही गेल्या वर्षी असे काही महिने आले, की पहाटे साडेतीनला 'किती वाजले?' या साध्या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात कुणालाच देता येईना. म्हणजे उत्तर ठाऊक होते. पण ज्यांना द्यायचे त्यांना ते पटत नव्हते.

ते म्हणजे आमचे अण्णा. माझे वडील. अण्णा १९७० साली पिंपरीच्या एका कारखान्यात लागले. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडची नगरपालिका स्थापन झाली, आणि अण्णा ही हकीगत अशा थाटात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावे, अण्णा कामावर रुजू झाल्याचे कळताच सरकारने घाईघाईने नगरपालिका काढली. पुढे १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली, तेव्हा अण्णाही खात्यात एक पायरी वर चढले होते. चौतीस वर्षे त्यांनी तपासणी विभागात काढली. हातात मायक्रोमीटर आणि मनगटावर एचएमटीचे 'जनता' घड्याळ. त्या घड्याळाला रोज रात्री चावी द्यायची, हा आमच्या घरातला शुभंकरोतीनंतरचा दुसरा नित्यनेम होता.

आमच्या घरात सकाळ, दुपार, रात्र असे शब्द फारसे नव्हतेच. फर्स्ट, सेकंड आणि थर्ड होते. पाहुण्यांनी पत्र पाठवून 'रविवारी येतो' म्हटले, तर आई विचारी, "त्या आठवड्यात ह्यांची कुठली शिफ्ट?" शिवाय आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. माझ्या शाळेला सुट्टी रविवारी. त्यामुळे बाप आणि लेक एकाच दिवशी दिवसभर घरी आहेत, हा योग दसरा-दिवाळीखेरीज जुळत नसे. आमच्या घरी दिवाळीची खरी अपूर्वाई फराळाची नव्हती. अण्णा उजेडी घरात दिसत याची होती.

अण्णा २००४ मध्ये निवृत्त झाले. वीस वर्षे सुखात गेली. मग त्यांची आठवण हळूहळू मागे सरकू लागली. डॉक्टरांनी त्याला नाव दिले, गोळ्या दिल्या आणि 'सांभाळून घ्या' असे सांगितले. ते पहाटे साडेतीनला उठत, आंघोळ करीत, इस्त्रीचा शर्ट घालीत आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारीत, "डबा झाला का? बस चुकेल."

आई उठे. पंचाहत्तरी गाठलेली माझी आई भिंतीला धरून उठे आणि म्हणे, "अहो, निवृत्त झालात तुम्ही."

"कधी?" अण्णा विचारीत.

हा 'कधी' फार वाईट होता. एखाद्याला निवृत्त झाल्याचे दुःख आयुष्यात एकदा होते. अण्णांना ते रोज पहाटे नव्याने होई. आणि ती बातमी रोज नव्याने देण्याचे काम आईकडे होते. चौतीस वर्षे तिने पहाटे चारला उठून पोळ्या लाटल्या होत्या. आता पोळ्या नव्हत्या, पण चारचे उठणे परत आले होते.

दुपारचा घोटाळा याहून चमत्कारिक. अण्णा जेवून झोपत आणि साडेपाचला जागे होत. खिडकीत अंधुक उजेड. घड्याळात साडेपाच. फर्स्ट शिफ्टला ते बरोबर साडेपाचलाच घर सोडीत. मग पुन्हा शर्ट, पुन्हा डबा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवी आणि ते घड्याळ अण्णांचीच बाजू घेई! बारा आकड्यांच्या घड्याळाला पहाट आणि संध्याकाळ यांतला फरक कळत नाही, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी प्रथमच लक्षात आले. बाजारातून वार दाखवणारे एक घड्याळ आणले. त्यावर वाराची तीन इंग्रजी अक्षरे येत. अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. "इंग्रजी येतं मला. पण वार मराठीच असतो."

ही कहाणी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगितली. अकरावीत माझ्या वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे आणि समास सोडवण्यापेक्षा पंखा दुरुस्त करणे पसंत करी. आता तो चाकणला एका मोटारींच्या कारखान्यात संगणक सांभाळतो. चाकण म्हटले की माझ्या पिढीला कांद्या-बटाट्याचा बाजार आठवतो. त्याच्या पिढीला पाळ्यांची बस आठवते. तो म्हणाला, "सर, घरात जुना लॅपटॉप आहे का?"

होता. मुलीने टाकून दिलेला. त्याने त्यावर लिनक्स चढवले. लिनक्स म्हणजे काय हे मला त्याने दोनदा समजावले आणि मला एकदा समजले. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा लिहिला, लोकांना फुकट दिला आणि पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. आपल्या ओव्यांचे असेच आहे. जात्यावर कुणी पहिली म्हटली ते आज कुणालाच ठाऊक नाही. पण आपापल्या घरापुरता शब्द बदलून घेण्याची मुभा सर्वांना.

त्या पडद्याच्या कडेला एक पट्टी असते आणि पट्टीच्या कोपऱ्यात घड्याळ. त्यावर माउसची उजवी कळ दाबली की एक चौकट उघडते. त्या चौकटीत आपल्याला हवी तशी वेळ मांडून घेता येते. त्यासाठी टक्क्याची खूण आणि पुढे एक इंग्रजी अक्षर लिहायचे. कॅपिटल ए लिहिले की पूर्ण वार, स्मॉल ए लिहिले की त्याचे आखूड रूप. कॅपिटल बी म्हणजे महिन्याचे पूर्ण नाव. मला तर पाणिनीचीच आठवण झाली. एवढ्याशा अक्षरात एवढा मोठा अर्थ कोंबण्याची हौस त्यालाच! संगणकाची भाषा मराठी करताच 'मंगळवार' असे सुरेख शुद्ध अक्षरांत उमटले. आकडे मात्र इंग्रजीच राहिले.

"बाकीचं तुम्ही करा सर, सोपं आहे," असे म्हणून तो सेकंड शिफ्टला निघून गेला. मी मोठ्या उत्साहाने तास आणि मिनिटे मांडली, पट्टी चांगली हातभर रुंद दिसेल इतकी फुगवली आणि यंत्र अण्णांच्या पलंगासमोर ठेवले. सायंकाळचे पाच वाजून दहा मिनिटे झाली होती.

अर्ध्या तासाने अण्णांनी हाक मारली. मनगटावरचे 'जनता' त्यांनी डोळ्यांजवळ धरले होते.

"अरे, हे तुझं घड्याळ नापास आहे."

मी पाहिले. पाच वाजून दहा. आणखी अर्ध्या तासाने पाहिले. सहा वाजून दहा. तास पुढे जात होते आणि मिनिटे दहाला चिकटून बसली होती. रात्री विद्यार्थ्याला फोन केला, तेव्हा उलगडा झाला. मिनिटांसाठी कॅपिटल एम लिहायचा असतो. मी स्मॉल एम लिहिला होता, आणि स्मॉल एम म्हणजे महिना. तो ऑक्टोबर होता, दहावा. माझे घड्याळ महिनाभर दहा मिनिटांवरच उभे राहणार होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांबद्दल बावीस वर्षे मुलांचे अर्धे-अर्धे गुण कापणाऱ्या मला इंग्रजी अक्षराच्या ऱ्हस्व-दीर्घाने असे पकडले. पण खरे सांगतो, मला आनंदच झाला. अण्णांना कालचे जेवण आठवत नव्हते. पण चुकीचे माप त्यांच्या नजरेतून अजून सुटत नव्हते.

मिनिटे सुधारली, तरी पहाट-संध्याकाळचा प्रश्न होताच. त्यासाठी एक अक्षर आहे, ते लिहिल्यावर 'म.पू.' आणि 'म.नं.' अशी अक्षरे उमटली. मध्यान्हपूर्व आणि मध्यान्हनंतर! शब्द निर्दोष आहेत. फक्त ते कुणी बोलत नाही. पहाटे साडेतीनला उठलेल्या माणसाला 'म.पू.' सांगून काय कळणार?

गुरुवारी विद्यार्थी पुन्हा आला. त्याने घड्याळ काढून तेथे दुसरीच एक खुंटी बसवली. ती दर अर्ध्या मिनिटाने एक छोटीशी आज्ञा चालवते आणि मिळालेले उत्तर पट्टीवर मांडते. आज्ञा त्याने लिहिली, शब्द मी दिले. चार ते सात पहाट, मग सकाळ, बारानंतर दुपार, पाचनंतर संध्याकाळ, आठनंतर रात्र. तेवढ्यात त्याने आकडेही मराठी करून टाकले. आता पट्टीवर 'गुरुवार, संध्याकाळ, ५:३०' असे स्वच्छ दिसू लागले. चहा पिताना अण्णांनी त्याला विचारले, "कुठली शिफ्ट?" "सेकंड होती आजोबा, आता थर्ड लागेल." मग ते दोघे थर्ड शिफ्टच्या झोपेवर जे बोलत बसले, तसे अण्णा माझ्याशी आयुष्यात बोलले नव्हते.

बोलता बोलता त्याने एक गंमत सांगितली. ही यंत्रे वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून. त्या दिवशी ग्रिनिचला मध्यरात्र झाली, तेव्हापासून किती सेकंद गेले एवढेच त्यांना ठाऊक; वार, महिने, वर्षे हे सगळे त्या आकड्याचे वरचे कपडे. ग्रिनिचची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच! मी चमकून अण्णांकडे पाहिले. १९७० साल आणि पहाटेचे साडेपाच. जगातल्या या तऱ्हेच्या सगळ्या संगणकांचा दिवस अण्णांच्या फर्स्ट शिफ्टला उजाडला होता. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत हा आकडा मावायची जागा १९ जानेवारी २०३८ रोजी संपते, आणि ज्यांची दुरुस्ती झाली नसेल ती यंत्रे तेथून एकदम १९०१ च्या डिसेंबरात जाऊन पडतील. म्हणजे आठवण भरली, की मागे जाऊन पडायचे, हा दोष केवळ माणसाचा नाही.

आणि एका घरात दोन वेळा नांदणे हे तरी कुठे नवे आहे? १९०६ साली देशाची प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हा मुंबईने ती सुखासुखी मान्य केली नाही. तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे असलेला 'मुंबई टाइम' त्या शहराने १९५५ पर्यंत बाळगला. लोक विचारून घेत, कुठला टाइम? मुंबईला एकोणचाळीस मिनिटे माफ आहेत, तर आमच्या अण्णांना चाळीस-पन्नास वर्षे का नसावीत?

पण वेळ पटली तरी कामावर जायचे नाही, हे पटत नव्हते. रविवार दिसला तरी काय? रविवारी कारखाना चालूच असे. मग मी त्या आज्ञेत शेवटी दोन शब्द वाढवले: 'आज सुट्टी'. पहिला दिवस ठीक गेला. चौथ्या दिवशी अण्णांनी मला जवळ बोलावले आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला.

"रोज रोज सुट्टी कशी रे? टाळं लागलं की काय कंपनीला?"

त्या रात्री ते झोपले नाहीत. संपाचे आणि टाळेबंदीचे दिवस त्यांनी पाहिले होते. मी एका भीतीवर औषध म्हणून त्यापेक्षा मोठी भीती पट्टीवर लिहून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी शब्द पुसले. 'निवृत्त' हा शब्द लिहिला आणि अर्ध्या मिनिटात, अण्णांची नजर जायच्या आत, तोही पुसला. बावीस वर्षे भाषा शिकवूनही मला दोन शब्द सापडेनात.

ते विद्यार्थ्याला सापडले. फोनवर तो म्हणाला, "सर, सुट्टी कंपनी देते. तिचा भरवसा नसतो. रजा आपण मागतो. तुम्ही 'रजा मंजूर' असं लिहून बघा."

रजा हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ संमती, हे मी मुलांना शिकवतो. पण त्या संमतीला माणूस किती भुकेलेला असतो, हे मला पुस्तकाने शिकवले नव्हते. अण्णांनी नोकरीभर रजा साठवल्या होत्या. माझ्या मुंजीला दोन दिवस आणि आजीच्या दिवसांना पाच, एवढ्याच मोकळ्या हाताने घेतलेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला अण्णांच्या खोलीत दिवा लागला. मी दाराआड उभा राहिलो. ते पलंगावर बसले होते. समोर पट्टीवर ठळक अक्षरे होती. चारच्या आतले असल्यामुळे 'पहाट' नव्हती. 'शुक्रवार, रात्र, ३:३५. रजा मंजूर.' अण्णांनी ते ओठ हलवीत वाचले. मग मनगटावरच्या 'जनता'शी ताडून पाहिले. एकदा मान हलवली, माप बरोबर असले की हलवीत तशी. आणि दिवा मालवून आडवे झाले.

रोजच हे साधते असे नाही. चार दिवसांतून एखाद्या दिवशी अजूनही शर्ट चढतो, डबा मागितला जातो. पण बाकीचे तीन दिवस मिळाले हे थोडे नाही.

त्या शुक्रवारी सकाळी सात वाजले तरी स्वयंपाकघरात सामसूम होती. मी घाबरून आईच्या खोलीत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. खिडकीतून चांगले ऊन तिच्या पायांवर आले होते. मला कळायला लागल्यापासून आईला उन्हात झोपलेली मी पाहिली नव्हती. मी हळूच दार ओढून घेतले आणि चहाचे आधण ठेवले. रजेचा अर्ज मी अण्णांच्या नावाने केला होता; मंजूर कुणाची झाली, ते तेव्हा कळले.