जैसलमेर : पाणी, पाषाण आणि उंट

जोधपूरहून रात्रीच्या गाडीने निघालेले तरुण पहाटे जैसलमेरला उतरतात. पाठीवर एकच पिशवी, खिशात मोजके पैसे आणि मनात उंटाच्या सफरीचे वेड. स्थानकाबाहेर येताच त्रिकूट टेकडीवरचा पिवळा गड दिसतो आणि स्वस्त खोलीच्या शोधात बहुतेकांची पावले आपोआप त्याच दिशेने वळतात. येथेच थोडे थांबायला हवे.

रावळ जैसल याने 1156 मध्ये वसवलेल्या या गडात आजही माणसे राहतात. पूर्वी येथे गडीसर तलावातून घागरीने पाणी चढवावे लागे आणि म्हणून ते तुपासारखे जपून वापरले जाई. पुढे नळ आले, पाहुण्यांसाठी गडात खोल्या निघाल्या, न्हाणीघरे वाढली. सांडपाणी मात्र टेकडीच्या ठिसूळ मातीत मुरत गेले, पाया भुसभुशीत झाला आणि काही बुरूज ढासळले. 2013 मध्ये गडाला जागतिक वारशाचा मान मिळाला. परंतु मुरलेले पाणी मानाने सुकत नाही. गड पाहावा दिवसभर, मुक्काम करावा खाली शहरात, असे जाणकार सांगतात ते याचसाठी. गच्चीवरून दिसणारा सूर्योदय खालूनही काही उणा नसतो.

गडात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पार्श्वनाथ, संभवनाथ, ऋषभदेव, चंद्रप्रभ आदी तीर्थंकरांची सात जिनालये एकमेकांना लागून उभी आहेत. त्यांच्या तोरणांवरचे कोरीवकाम पाहताना हा दगड आहे याचा विसर पडतो. संभवनाथ जिनालयाच्या तळघरात पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरींनी ज्ञानभांडार स्थापन केले. शेकडो ताडपत्री पोथ्या तेथे कोरड्या हवेने आणि श्रावकांच्या दक्षतेने राखल्या. 1874 मध्ये ब्यूलर आणि याकोबी हे युरोपीय विद्वान त्या पाहण्यासाठी वाळवंट तुडवत आले होते. पुढे मुनी पुण्यविजयजींनी तो संग्रह नीट लावला. ज्या कोरडेपणाने पोथ्या तगल्या, तोच आता गडाच्या पायातून नाहीसा होत आहे.

गडाखाली पटव्यांच्या पाच हवेल्या आहेत. जरीच्या व्यापारात संपन्न झालेल्या गुमानचंद पटवा यांच्या पाच पुत्रांसाठी एकोणिसाव्या शतकात त्या उभ्या राहिल्या. मुंबईच्या बंदराने काफिल्यांचा व्यापार ओढून नेला आणि 1947 मध्ये सिंधची वाट बंद झाली. पेढ्या गेल्या, झरोके उरले.

उंटाची सफर शहराच्या पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, समच्या वाळूच्या टेकड्यांवर होते. तेथे तंबू, दिवे आणि कर्कश गाणी यांची गर्दी आहे. ज्यांना शांतता हवी ते खुडी गावाकडे जातात. वाटेत लोद्रवा येथील पार्श्वनाथाचे दर्शन घ्यायचे असेल, तर वाहनवाल्याशी आधीच ठरवावे. ते शहराच्या वायव्येस आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनीही निघतानाच सांगून ठेवावे, कारण छावणीतली चूल बहुधा अंधार पडल्यावरच पेटते. बाजरीची भाकरी आणि केर-सांगरी वेळेत मिळाली, तर दुसरे काही मागावेसे वाटत नाही.

स्वार होण्यापूर्वी उंटाची पाठ आणि नाकातली वेसण पाहावी. जखम दिसली तर तो उंट नाकारावा. एका उंटावर दोघांनी बसण्याचा आग्रह तर धरूच नये. उंट उठतो तो मागच्या पायांवर आधी, त्यामुळे स्वार पुढे झुकतो. तेव्हा मागे रेलून खोगीर घट्ट धरावे. उंटावर बसणेच नको, असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल बाजूने चालावे. मात्र पशुपालकाचा हिशेबही ध्यानात घ्यावा. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख उंट होते, 2019 मध्ये अडीच लाख राहिले. राजस्थानने 2014 मध्ये उंटाला राज्यपशू ठरवले आणि पुढच्या वर्षी त्याच्या कत्तलीवर बंदी घातली. राज्याबाहेर नेण्यावरही निर्बंध आले. ही बंदी कोणाही अहिंसकाला दिलासा देणारीच. पण ओझे वाहायला ट्रॅक्टर आला, चराऊ राने आटली, विक्री थंडावली; आणि ज्याच्या पोषणाचा खर्च निघत नाही तो जीव दावणीला किती दिवस राहणार? सफरीचे भाडे हा अनेक घरांचा उरलेला आधार आहे. ते घासाघीस करून पाडणे व्यापाऱ्याच्या मुलालाही शोभत नाही.

रात्री उंटांचे पुढचे पाय सैल दोरीने बांधून त्यांना चरायला सोडतात. पाहुणे जागे होण्याआधीच उंटवाला वाळूवरचे ठसे पाहत निघालेला असतो. चार उंटांच्या ठशांतून तो आपल्या उंटाचा ठसा नेमका ओळखतो आणि ऊन चढायच्या आत त्याला घेऊन परततो.