तांबडी रेघ

आमच्या पिढीला आट्यांची पहिली ओळख करून दिली ती फिरकीच्या तांब्याने. प्रवासाला निघताना आई पितळी तांब्यात पाणी भरी, झाकण पिळून घट्ट बसवी, आणि मग एस्. टी. कितीही आदळली तरी पाण्याचा थेंब सांडत नसे. त्या झाकणाच्या आत गोलगोल चढत गेलेली जी बारीक चर असते, तेच आटे. पुस्तकी मराठीत अशा रचनेला 'मळसूत्र' असा भारदस्त शब्द आहे. तीस वर्षे मराठी शिकवताना तो मी कितीदा तरी फळ्यावर लिहिला असेल. पण मळसूत्राच्या भरवशावर माणसे आपला जीव ठेवतात, हा त्या शब्दाचा अर्थ मला शिकवला तो माझ्या नातीने.

नात कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने आणि तिच्या सोबत्यांनी मिळून एक मोटार बांधायला घेतली. मोटार म्हणजे तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे येते तशी नव्हे. तिला दारे नाहीत, काचा नाहीत, टप नाही. पोलादी नळ्या वाकवून आणि वेल्डिंगने जोडून केलेला एक पिंजरा, त्यात एकच आसन, आणि चार कोपऱ्यांना चार दांडगी चाके. अशा मोटारींची 'बाहा' नावाची स्पर्धा आपल्याकडे 2007 साली इंदूरजवळच्या पीथमपूरला सुरू झाली. तिच्यातली शेवटची फेरी चार तासांची असते आणि रस्ता म्हणून जे असते ते सगळे खड्डे, दगड आणि उंचवटे! आता ही मोटार चालवणार कोण? तर आमचे कन्यारत्न.

हे ऐकले तेव्हा सूनबाईंची तव्यावरची पोळी करपली. रात्री त्या माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाल्या, "बाबा, ती तुमचं ऐकते. चालवायला दुसरा कोणी नाही का? तुम्ही तिला समजवा." आईचे काळीज, त्यात चूक ती काय? मी 'बरं' म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी नातीबरोबर उद्यमनगरात गेलो. वाटेत समजवावे असा बेत होता.

वाटेत जमले नाही, कारण ती वाटभर यादीच पाठ करत होती. आम्ही नट-बोल्टच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने एक मूठभर काळे बोल्ट तराजूत टाकले आणि म्हणाला, "तीन सुती घेऊन जावा की ताई, समदी ह्येच वापरत्यात."

"नको काका. दहा मिलिमीटरचाच द्या, आणि डोक्यावर आठ पॉइंट आठ लिहिलेला."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर आणि वर चिमूटभर. दहाच्या नटात तो बोल्ट सैल का होईना, शिरतो. आणि धोका नेमका तिथेच आहे. पहिले एक-दोन आटे तो गोडीगुलाबीने घेतो, बसल्याचा भास करतो आणि जोर पडला की दगा देतो. इंचाचे आणि मिलिमीटरचे सूत जुळत नाही ते असे. घरी आल्यावर मी थोडे वाचून पाहिले, तर हे भांडण पुष्कळ जुने निघाले. 1841 साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्याचा कोन 55 अंशांचा ठरवला. 1864 साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी 60 अंशांचा सुचवला. दोन्ही देश आपापल्या कोनाला चिकटून राहिले. दुसऱ्या महायुद्धात ते एकाच बाजूने लढले, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेना! शेवटी 1948 साली कॅनडाला सोबत घेऊन दोघांनी एकच आटा मान्य केला. पाच अंशांचा फरक मिटायला चौऱ्याऐंशी वर्षे लागली. भाऊबंदकीची प्रकरणे पाहिलेल्या आपल्या लोकांना याचे नवल वाटायचे कारण नाही.

बोल्टच्या डोक्यावरच्या त्या आकड्यांचा अर्थ नातीने मला दुकानातच सांगितला. पहिला आठ सांगतो की हा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटनांची ओढ सोसेल आणि मग तुटेल. टिंबानंतरचा आठ सांगतो की त्या ओढीच्या आठ-दशांशाच्या आत ताणला, तर सोडल्यावर तो पुन्हा मूळ लांबीवर येईल. त्यापुढे ताणला तर तुटणार नाही कदाचित, पण पूर्वीसारखाही होणार नाही. करंगळीहून बारीक असा हा दहा मिलिमीटरचा बोल्ट तोडायला साडेचार टनांहून अधिक वजन टांगावे लागते. मी तो तळहातावर घेऊन पाहिला. वजन म्हणाल तर किल्ल्यांच्या जुडग्याएवढे!

मग मी रोजच संध्याकाळी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसू लागलो. समजवण्याचे काम राहूनच जात होते, कारण पाहण्यासारखे पुष्कळ होते. मला वाटले होते, नळीला भोक पाडायचे, बोल्ट घालायचा आणि आवळायचा. तसे कोणी करत नव्हते. नळी पोकळ, बोल्ट आवळला की ती चेपणार. म्हणून कुठे नळीत आडवा बुश बसवून वेल्ड करायचा, तर कुठे नळीला जाड पत्र्याचे दोन कान जोडायचे आणि मधला भाग त्या दोन कानांमध्ये धरायचा. एकाच कानावर लोंबणाऱ्या बोल्टपेक्षा दोन्हीकडून आधार असलेला बोल्ट केव्हाही बरा. बोल्टची लांबीही उगीच घ्यायची नाही. जिथे कातरीसारखा जोर येतो तिथे त्याचा आटे नसलेला गुळगुळीत दांडा आला पाहिजे, आणि नटाच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. नटाच्या तोंडाशी नायलॉनचे कडे असते. ते आट्यांना कवटाळून बसते आणि हादऱ्याने नट सुटू देत नाही. एकदा काढलेला असा नट ही मुले पुन्हा वापरत नाहीत, कारण दुसऱ्या वेळी ती मिठी पहिल्यासारखी राहत नाही. आणि ब्रेकच्या तबकडीसारख्या तापणाऱ्या जागी नायलॉन वितळेल, म्हणून तिथे सगळा पोलादीच नट.

"आजोबा, बोल्ट खिळ्यासारखा नसतो," नात एकदा पाना फिरवता फिरवता म्हणाली. "तो स्प्रिंगसारखा असतो. आवळला की केसभर लांबतो आणि परत आखडायला बघतो. त्या ओढीनं दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. सगळी पकड त्या ताणाची."

"मग जितका जास्त ताण तितकं बरं?"

"छे! जास्त ताणला की त्याची परत यायची ताकदच जाते. आणि आपल्या हाताला ते कळत नाही. आपण लावलेल्या जोरातला निम्मा बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो, बाकीचा बहुतेक आट्यांत. खरा ताण देण्यात जेमतेम दहावा हिस्सा. आट्यांना तेल लागलेलं असलं तर सगळा हिशेबच बदलतो."

म्हणून तिच्या हातात मोजणारा पाना होता. त्यावर पंचेचाळीसचा आकडा लावलेला. तेवढा जोर झाला की तो 'टक्' असा वाजे, आणि ती थांबे. मग खिशातून एक इवलीशी बाटली काढून ती नटावरून बोल्टवर आणि खालच्या कानावर अशी एक सलग तांबडी रेघ ओढी. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. मी जन्मभर मुलांच्या वह्यांत तांबड्या रेघा ओढल्या. त्या सगळ्या चुकांखाली. बरोबर असलेल्या गोष्टीवर तांबडी रेघ मी पहिल्यांदाच पाहिली.

ती बाटली सूनबाईंच्या नेलपॉलिशची होती. घरात तिचा शोध चालूच होता. त्या रात्री मी सूनबाईंना सारे सांगितले. पोरीला समजवणे मला जमलेले नाही, हेही सांगितले. "जी मुलगी एकेका नटाचा एवढा हिशेब ठेवते, तिला 'जपून जा' याहून वेगळं मी काय सांगू?" त्यांनी उत्तर दिले नाही. फक्त म्हणाल्या, "पट्टा कुठं बांधलाय तिचा?"

आसनाचा पट्टा पिंजऱ्याला ज्या बोल्टांनी बांधलेला असतो, ते त्यांना पाहायचे होते.

गाडी पहिल्यांदा मैदानावर धावली त्या दिवशी त्या माझ्याबरोबर आल्या. तासभर धूळ उडत होती. चाके हवेत जाऊन आदळत होती, आणि प्रत्येक आदळण्याला सूनबाईंचा हात माझ्या दंडावर आवळला जात होता. गाडी थांबली, नात हेल्मेट काढून हसत उतरली. तिचे सोबती कौतुक करत होते. पण सूनबाई तिच्याकडे न जाता गाडीकडे गेल्या. मोबाईलचा दिवा लावला आणि वाकून एकेक रेघ पाहू लागल्या. पट्ट्याच्या सगळ्या सलग. पुढची डावी बाजू सलग. उजव्या चाकाशी मात्र त्या थांबल्या.

"अगं, ही तुटलीय बघ."

नात धावत आली. खरेच, रेघेचे दोन तुकडे झाले होते आणि त्यांच्यात भाताच्या शिताएवढे अंतर पडले होते. डोक्याखाली ताज्या रंगाचा थर राहिला होता. तो दबला आणि ताण ओसरला. नातीने नट काढला, रंग खरवडला, डबीतून कोरा नट घेतला. सूनबाईंनी दिवा तसाच धरून ठेवला होता.

"नीट आवळ," त्या म्हणाल्या. "पंचेचाळीस ना?"

पाना 'टक्' वाजला. सूनबाईंनी पर्समधून बाटली काढली. नवी होती, तांबडीच.